ऊन पडेपर्यंत

"पाय नको सांगू माका," गवसकाका फोनवर म्हणाले. "पाय सगळ्यांचेच दुखतत. डोळ्यांनी काय बघलंस ता सांग."

मी एका खडकावर डावा पाय वर धरून उभी होते. बुटात जळवा शिरल्या होत्या, मोजा रक्तानं भिजला होता आणि हा माणूस मला डोळे विचारत होता.

"काय बघणार काका? ढग. सकाळी ढग, दुपारी ढग, आता बी ढगच."

"रंग कसलो होतो ढगाचो?"

"ढगाला कसला आलाय रंग?"

"असता गो बाय. नीट आठव."

राग आला, पण आठवायला लागले. "सारवण झाल्यावर बादलीत पाणी उरतंय बघा," म्हटलं, "तसला."

पलीकडून हसू ऐकू आलं आणि हसण्याच्या मागून खोकला. तो थांबेना. मग त्यांच्या बायकोनं, गवसवहिनींनी, फोन घेतला. "बास आज, ताई. दमले ते," म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

याला आता बारा-तेरा वर्षं झाली असतील. कोल्हापुरातल्या एका कॅन्सरच्या दवाखान्याशेजारी पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधायची होती. त्यासाठी मदत गोळा करायची म्हणून आम्ही काही लोक गगनबावड्यापासून आंबोलीपर्यंत सह्याद्रीच्या धारेनं चालत निघालो होतो. आमच्या चालण्यावर लोक देणग्या देणार होते. बाकीचे सगळे डोंगर तुडवणारे, आणि त्यांत मी, शालन चौगुले, चटणी कांडपाचं दुकान चालवणारी, जोतिबाचा डोंगर सोडला तर कुठं पायी न गेलेली. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, केवढी समाजसेवा! डोंबलाची समाजसेवा. माझा नवरा त्याच दवाखान्यात गेला त्याला वर्ष झालं होतं आणि मला घरात बसवत नव्हतं. त्याच्या शेवटच्या महिन्यात मी दवाखान्याच्या जिन्याखाली चादर टाकून झोपले होते. धर्मशाळेचं नाव निघालं आणि मी हो म्हणून बसले.

या चालण्याची एक रीत होती. आमचे म्होरके पाटणकर सर, हायस्कुलातले पीटीचे मास्तर, त्यांनीच ती घातलेली. चालणाऱ्या प्रत्येकाला वॉर्डातला एक पेशंट नेमून दिलेला. दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी जिथं रेंज मिळेल तिथून त्या पेशंटला फोन करून आज काय पाहिलं ते सांगायचं. खाटेवर पडल्या पडल्या त्याचंही चालणं व्हावं, एवढाच हेतू. आम्ही त्याला 'सांगणं' म्हणायचो. मला मिळाले दत्ताराम गवस, रिटायर झालेले एसटीचे ड्रायव्हर. तीसेक वर्षं कोल्हापुरात काढूनही त्यांची मालवणी सुटली नव्हती, नुसती थोडी रंकाळ्याच्या पाण्यात भिजली होती. त्यांना मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. आमची ओळख फक्त आवाजाची.

पहिले दोन दिवस मला त्यांचा वैताग यायचा. मला काही बघायचंच नव्हतं. वर्षभर मी मान खाली घालून मिरच्या कांडत होते, इथंही मान खाली घालून चालत होते. पण संध्याकाळी हा म्हातारा जाब विचारणार म्हटल्यावर मान वर करावी लागे. कारवीच्या पानावर गोगलगाय दिसली की मनात म्हणायचे, चला, आजची सोय झाली.

ढगाच्या रंगाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा आवाज अगदीच बारीक झाला होता. फोन कानात दाबून धरला तेव्हा कुठं कळायला लागलं.

"उद्या खंय जातलात?"

मी पाटणकर सरांना विचारून धनगरवाड्याचं नाव सांगितलं. 

"त्या वाड्याच्या खाली माझा आजोळ," ते म्हणाले. "खाली घळीत व्हाळ असा. व्हाळाच्या काठार एक जांभळीचा झाड. ह्याच दिवसांत थंय फुलपाखरां येतत. हजारांनी. सगळा झाड भरता. माझ्या आवशीन माका दाखवलेला, मी सात-आठ वर्षांचो असन."

मागून वहिनींचा आवाज आला, "झालं का सुरू? झाडवाले जावई!"

"ऐकलंस?" काका म्हणाले. "चाळीस वर्षां माका थापाडो म्हणता ती. तू जा. झाड असा काय बघ. आणि ऐक, लांबसून ता मेलेला दिसता. करपलेला. परत फिरू नको. ऊन पडापर्यंत थांब."

"आणि नसलं तर?"

"नसला तर उद्या सांजेक फोन करून तसा सांग. पण खोटा सांगू नको माका."

मग वहिनी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या असाव्यात, कारण एकदम कुजबुजत बोलायला लागल्या. "ताई, मनावर घेऊ नका हं. औषधाच्या गुंगीत बोलतात. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी मला हेच झाड सांगितलं होतं. मी कागलची, मला कुठलं खरं वाटतंय? मी माहेरी सांगितलं, तिथं सगळ्यांनी हसून हसून झाडवाले जावई नाव पाडलं. तेव्हापासून त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. आता आजारात काढलाय." थोडं थांबून म्हणाल्या, "डॉक्टर म्हणालेत, मुलाला बोलावून घ्या. आज-उद्याचंसुद्धा काही सांगता येत नाही."

त्या रात्री मी नुसती कूस बदलत पडले. माझा नवरा जाताना काहीच मागून गेला नाही. पाणीसुद्धा मागितलं नाही. हा कोण कुठला माणूस माझ्याकडं एक झाड मागत होता, आणि ते त्याच्या कानावर वेळेत घालायचं एवढं एकच काम माझ्यासमोर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धनगरवाड्यावर पोचलो. डोंगराच्या धारेवर चार-पाच घरं, म्हशींचा वास, आणि तोच ढग. पाटणकर सरांना सगळं सांगितलं तर त्यांनी कपाळाला हात लावला.

"चौगुलेबाई, आपल्याला अंधाराच्या आत पुढचा मुक्काम गाठायचाय. आणि एकट्या माणसाला मागं ठेवायचं नाही हा आपला नियम आहे."

"नियम तुमचा, सर. सांगण्याची रीत बी तुमचीच. मग त्या माणसाला मी काय सांगू? आमच्या सरांना घाई हुती?"

एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी नाचणी पाखडत बसली होती, ठकूबाई झोरे तिचं नाव. ती सूप खाली न ठेवताच म्हणाली, "पाखरांचं झाड व्हय? हाय की. मी दावते. ऱ्हाऊ दे तिला माझ्यापाशी. मी काय माणूस न्हाई?"

सरांनी त्यांचा स्वेटर काढून माझ्या हातात दिला. उद्या दुपारी गाडीरस्त्यावर माणूस पाठवतो म्हणाले आणि बाकीच्यांना घेऊन ढगात शिरले. थोडा वेळ त्यांच्या काठ्यांचा आवाज येत राहिला.

ठकूबाईबरोबर मी घळीत उतरायला लागले. उतार कसला, कड्याला टेकून ठेवलेली शिडीच. मुळ्या धरायच्या, पाय सोडायचा. ती सत्तरीची बाई अनवाणी पुढं, आणि मी शंभर देवांची नावं घेत मागं. तासभर तरी उतरलो असू. खाली ओढ्याचा आवाज होता, पण उजेड असा नव्हताच.

"ते बघ," ठकूबाई म्हणाली.

मी बघितलं. जांभळाचं झाड होतं, चांगलं घेराचं, ओढ्यावर ओणवं झालेलं. पण मेलेलं. हिरवं पान कुठं दिसेना. सगळ्या फांद्यांना करपलेल्या, चुरगळलेल्या पानांचे घोसच्या घोस लोंबत होते, चुलीतून काढल्यासारखे.

"मेलंय की ओ हे," मी म्हटलं.

"मेलं असतं तर तुला दावलं असतं व्हय? जवळ जा. हात लावू नगंस."

मी जवळ गेले. अगदी नाकाजवळच्या फांदीवरचं एक पान हललं. वारा नव्हता. मग कळलं की ते पान नव्हतं. पंख मिटून, एकाला एक चिकटून, उलटी लटकलेली फुलपाखरं होती ती. मळकट तपकिरी, भिजलेली. पार शेंड्यापर्यंत तीच.

"थंडीची अशीच ऱ्हात्यात," ठकूबाई म्हणाली. "ऊन पडल्याबिगर उघडत न्हाईत. कवा कवा चार-चार दीस ऊन पडत न्हाई. आमी ह्या दिसांत गुरं हिकडं आणत न्हाई. आमच्या सासूबाईंची तशी ताकीदच हुती."

मी वर बघितलं. झाडांच्या वर ढग गच्च बसला होता. घळीत रेंज नव्हती. वर धारेवर जाऊन फोन करायचा तर तासाभराची चढण, आणि अंधार पडला की पुन्हा खाली उतरता येणार नाही. आता वर गेले तर काकांना काय सांगणार? झाड आहे, पण मेल्यासारखं दिसतंय? ते तर त्यांनीच मला सांगितलं होतं. आणि इथं थांबले, आणि उद्याही ऊन पडलं नाही तर? वहिनी म्हणाल्या होत्या, आज-उद्याचंसुद्धा सांगता येत नाही.

"मावशी, काय करू?" मी विचारलं. वर्षभरात मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"त्यो काय म्हणालाय?"

"ऊन पडेपर्यंत थांब म्हणालेत."

"मग आन् काय इचारतीस? थांब की."

थांबले. ओढ्यापासून जरा वर गुराख्यांची एक खोप होती, तिथं ठकूबाईनं शेकोटी पेटवली. फडक्यात बांधून आणलेली नाचणीची भाकरी आणि ठेचा पुढं केला. ठेच्याला नुसतं तिखट होतं, चव म्हणून नव्हती. मी चटणीवाली, मला ते बोलल्याशिवाय राहवेना. ती म्हणाली, "मग उद्या सकाळी घरी चल, तूच कर." आम्ही दोघी हसलो आणि मग मला एकदम रडू फुटलं. नवरा गेल्यावर मी रडले नव्हते. दुकान, बिलं, पाहुणे, दहावं-तेरावं, सगळं कोरड्या डोळ्यांनी उरकलं होतं. ठकूबाईनं का म्हणून विचारलं नाही. तिचं घोंगडं माझ्या पायांवर टाकलं आणि लाकडं पुढं सारत बसली.

सकाळ झाली तीही ढगातच. मी झाडाखाली जाऊन बसले. काही हलत नव्हतं. अंगावर टप्‌टप् पाणी गळत होतं. मी ढगाला शिव्या घातल्या, गवसकाकांना घातल्या, मग जोतिबाला हात जोडले. सकाळचा चांगला पहर उलटून गेला. ठकूबाई म्हणाली, "माझ्या म्हशी वरडत असतील, मी जाऊ का?" आणि गेली मात्र नाही.

मग समोरच्या कड्यावर एक पिवळा पट्टा दिसला. हळूहळू तो खाली सरकायला लागला. कड्यावरून झुडपांवर, झुडपांवरून ओढ्याच्या पलीकडच्या दगडांवर. मी उठून उभी राहिले. ऊन पाण्यावर आलं आणि तिथंच थांबलं. इतकं थांबलं की मला वाटलं, ढकलावं हातानं.

आणि मग ते शेंड्याला लागलं.

आधी एकच उघडलं. काळे पंख आणि त्यांवर निळे ठिपके. पंख मिटले, पुन्हा उघडले. मग त्याच्या शेजारचं. मग एक अख्खी डहाळी. आणि मग जसं ऊन उतरेल तसं ते करपलेलं झाड वरून खालपर्यंत निळं होत आलं. मी तोंड उघडं टाकून बघत होते. उडत नव्हती ती, नुसतीच पंख वाळवत होती, उघड-मीट, उघड-मीट, आणि अख्खं झाड श्वास घेतल्यासारखं दिसत होतं. चाळणीतून पीठ पडताना येतो ना, तेवढासा आवाज सगळ्या घळीत भरला होता. मग एकदम, कुणी सांगितल्यासारखी, सगळी उठली. माझ्या डोक्यावर, हातांवर, ठकूबाईच्या पांढऱ्या केसांवर बसली. झाड खाली हिरवंगार निघालं. जिवंत, कोवळ्या पालवीचं.

"आई गं," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"बघून घे," ठकूबाई म्हणाली. "आन् पळ आता."

पळाले. ती चढण मी कशी चढले मला आठवत नाही. गुडघा फुटला, स्वेटर काट्याला लागून उसवला. तोंडानं मी एकसारखी घोकत होते, आधी मेल्यासारखं, मग एक डहाळी, मग सगळं झाड. विसरायला नको म्हणून. धारेवर आले, खडकावर उभी राहिले, फोन लावला. छाती फुटायची वेळ आली होती.

"वहिनी! काकांना द्या! झाड हाय! बघितलं मी! खरं हाय ते, सगळं खरं हाय!"

पलीकडे कुणीतरी बोलत होतं लांबून, चाकं फिरल्यासारखा आवाज आला.

"वहिनी? काका कसे हायत?"

"शांत पडलेत," वहिनी म्हणाल्या. "थांबा. त्यांच्या कानाला लावते. सांगा तुम्ही."

मी सांगितलं. काही म्हणता काही गाळलं नाही. ठेच्याला चव नव्हती तेसुद्धा सांगितलं. पीठ चाळल्याचा आवाज सांगितला. केसांवर बसली ते सांगितलं. शेवटी म्हटलं, "काका, तुमच्या आईनं दाखवलेलं झाड तसंच हाय. ओढ्यावर ओणवंच हाय अजून." आणि वाट बघितली. हसू येईल, निदान खोकला तरी येईल म्हणून.

बऱ्याच वेळानं वहिनींचाच आवाज आला. "झालं का सांगून?"

"झालं. काय म्हणाले?"

"चेहरा छान दिसतोय," त्या म्हणाल्या. "ताई, आता पुढं फोन नको. विश्रांती मिळू दे त्यांना. आलात की या वॉर्डात."

चालणं संपलं तेव्हा आंबोलीत आमचं स्वागत झालं, हार-तुरे झाले, मदतही चांगली जमली म्हणे. माझं लक्ष नव्हतं. कोल्हापूरला उतरल्यावर दवाखान्यात आपापल्या पेशंटला भेटायचं, ही रीतीतली शेवटची गोष्ट. मी काकांसाठी ठकूबाईच्या घरचं तूप आणलं होतं. वॉर्डात गेले तर त्यांच्या खाटेवर एक तरुण मुलगा झोपलेला होता.

बाहेरच्या बाकावरून एक बाई उठली. ठेंगणी, साठीची, कपाळ मोकळं.

"शालनताई ना?"

आवाजावरून ओळखलं. माझ्या हातातला तुपाचा डबा तिनंच काढून घेतला, पडेल म्हणून.

"कधी, वहिनी?"

"तुमचा फोन आला त्या दिवशी पहाटे."

मला ते डोक्यात शिरेना. "पण तुम्ही फोन कानाला..."

"लावला की. त्यांच्याच कानाला लावला. खाली गाडी यायची होती, मुलगा वाटेत होता. मी एकटीच होते त्यांच्यापाशी. तुम्ही इतक्या धापा टाकत होता. म्हटलं, ज्याचं आहे त्याला मिळू दे."

मी बाकावर बसले. "आदल्या दिवशी संध्याकाळी मी वर आले असते," म्हटलं, "तर ऐकलं असतं हो त्यांनी. मी खालीच थांबले. माझ्या हातून..."

"ऐका माझं," वहिनींनी माझं मनगट धरलं. "त्या संध्याकाळी शुद्धीवर होते. दोनदा विचारलं, फोन आला का? मी म्हटलं, नाही आला. मला वाटलं आता हिरमुसतील. तर चक्क हसले. म्हणाले, 'नाय ना आयलो? म्हणजे झाड असा. नसता तर तिना फोन केलो असतो. ऊन पडाची वाट बघता ती.' रात्रभर तेच. थोडा डोळा लागायचा, जाग आली की मला विचारायचे, उजाडलं का? ऊन पडलं का तिकडं? मी म्हणायची, पडेल. पहाटे विचारलं नाही."

वॉर्डात कुणाचं तरी जेवणाचं ताट खणकलं. आम्ही दोघी तिथंच बसून होतो. मी रडत होते, त्या रडत नव्हत्या.

"पण माझं राहिलं," वहिनी म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी त्यांना थापाड्या म्हटलं. आणि तुम्ही सांगत होता तेव्हा फोन त्यांच्या कानाला. मला एक शब्द ऐकू आला नाही." त्यांनी पदर सारखा केला, माझ्याकडं तोंड करून नीट बसल्या. "म्हणून आज आलेय मी. आता मला सांगा."

मी डोळे पुसले. कुठून सुरुवात करावी ते कळेना, मग घोकलं होतं तिथूनच केली.

"आधी ते मेल्यासारखं दिसतंय, वहिनी. करपलेलं. हिरवं पान कुठं दिसत न्हाई."

"हां," वहिनी म्हणाल्या. "असंच म्हणायचे. करपलेलं. हाच शब्द." आणि त्यांचा चेहरा मोडला. पदर तोंडात कोंबून त्या इतक्या हलायला लागल्या की बाक हलायला लागला.

मी सांगायचं थांबले.

"थांबू नका, ताई," पदरातूनच त्या म्हणाल्या. "ऊन पडेपर्यंत सांगा."